लिहून बघा

"लिहून बघा की काका," दुकानदार जरा जोरातच म्हणाला. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसावं, असं लोकांना का वाटतं, ते महिपतला चार महिन्यांत कळलं नव्हतं.

त्याने निब शाईत बुडवली आणि कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. पेन साधं प्लास्टिकचं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त. पण निब सरसर पुढे जात होती, जोर लावावा लागत नव्हता. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून महिपतचं सगळं बोलणं कागदावरच चालायचं, आणि बॉलपेन दाबून दाबून संध्याकाळी अंगठा ठणकायचा. शाईच्या बाटलीसकट पेन घेऊन तो कोपरला घरी आला.

घरात तो आणि रंगूबाई. मूलबाळ नव्हतं.

पहिले दोन दिवस पेन गळलं. बोटं निळी झाली, वहीत शाई मागच्या पानावर उतरायला लागली. मग त्याने निब धुतली, जाड कागदाची वही आणली आणि पेन हाताला बसलं. चार वाजता तो लिहायचा, 'चहा'. रंगूबाई कागदाकडे बघायची, मग त्याच्या तोंडाकडे, आणि आधण ठेवायची.

एकदा त्याने लिहिलं, 'पंखा बंद कर'. तिने त्याच्या अंगावर चादर घातली. महिपतला हसू आलं. थंडी वाजतेय एवढं तर तिला कळलं होतं.

पूर्वी माजिवड्याच्या कंपनीतून आला की तो तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. ती भाजी निवडत ऐकायची. आता पेपर घडी न मोडता पडून असायचा.

"तुम्ही वाचायचात त्याची मजा वेगळी होती," ती म्हणायची.

पुढच्या आठवड्यात दोघं ठाण्याला तपासणीला गेले. रंगूबाई औषधांच्या रांगेत होती तेव्हा महिपतने रिपोर्ट उघडला. मग घडी घालून खिशात ठेवला. रिक्षात ती विचारत होती, "काय म्हणाले डॉक्टर?" त्याने नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लिहायला बसला. इतकं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

'रंगू, गाठ परत आली आहे. आता पुन्हा कापाकापी नको. जेवढे दिवस आहेत तेवढे घरात, तुझ्यासोबत काढायचे आहेत. तुझ्यावर कितीदा ओरडलो. एकदाही माफी मागितली नाही. ती आज मागतो. तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं.'

त्याने शाई वाळू दिली आणि कागद तिच्या हातात दिला.

रंगूबाईने तो खिडकीच्या उजेडात धरला. ओळींवरून नजर फिरवली. मग त्याच्याकडे बघून हसली.

"अक्षर किती सुंदर येतं हो ह्या पेनाने!" म्हणाली. कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि भात बघायला आत गेली.

महिपत तिथेच बसून राहिला. रागावली असती, रडली असती, तरी चाललं असतं.

त्याने पेनाला टोपण लावलं. तीन दिवस वही उघडली नाही. ती विचारायची, "काही हवंय का?" तो भिंतीकडे तोंड करायचा. निबेवर शाई सुकून गेली.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला जाग आली तेव्हा रंगूबाई घरात नव्हती. दार लोटलेलं होतं. बाहेर जिन्यात शेजारची शिवानी कॉलेजातून येऊन थांबली होती. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"काकू, हे..." शिवानी म्हणाली.

"वाच ना गं, थांबलीस का?" रंगूबाईचा दबका आवाज आला. "तीन दिवस रुसून बसलेत. भाजीबिजीचं काही असेल. हळू वाच, ह्यांना ऐकू जायला नको. लग्नात बापाने सातवी पास सांगितलेलं, आणि मला एक अक्षर येत नाही."