अजून थोडा खाली

“अजून थोडा खाली घ्या,” शिवणवाल्या मावशी म्हणाल्या.

फोटोवालीने कॅमेऱ्याचं स्टँड आणखी आखूड केलं. तक्रार कुणाकडे करणार? रीत तिचीच. गाव सोडावं लागलेल्या बायकांचे ती फोटो काढायची, पण हुकूम त्यांचा. काय घालायचं, कुठे उभं राहायचं, सगळं जिचा फोटो तिने ठरवायचं. फोटो टिपणारं लांब वायरचं बटणही तिनेच दाबायचं. घरादाराबरोबर या बायकांचे जुने फोटोही मागेच राहिले होते. निदान एक तरी मनासारखा व्हावा, एवढंच.

आदल्या दिवशी एक बाई नवऱ्याचा कोट घालून आली, झकास फोटो झाला. मावशींनी मात्र नाकी नऊ आणले. त्या दारात उभ्या होत्या, डोक्याला रुमाल, एका हातात उघडं कुलूप, दुसऱ्यात बटण. इथपर्यंत ठीक. पण कॅमेरा कमरेच्याही खाली आला, तरी बाईंचं समाधान नाही.

“मावशी, इथून हनुवटी केवढी दिसेल! मग मलाच बोल लावाल.”

“नाही लावणार. थोडा खाली.”

फोटोवाली जमिनीवर फतकल मारून बसली. चरफडली, पण कुतूहलही गप्प बसू देईना. मान वर करून या बाईकडे बघणार तरी कोण?

मावशींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, जरासं हसल्या आणि बटण दाबलं. मग गुडघ्यांवर हात टेकत कॅमेऱ्यामागे येऊन उकिडव्या बसल्या. स्क्रीनवरचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

“इतक्या खालून कोण बघतं हो तुम्हाला?” फोटोवालीने शेवटी विचारलंच.

“मला नाही, आईला. तिचा एकही फोटो उरला नाही. सगळे म्हणायचे, तू हुबेहूब तिच्यासारखी. घर सोडलं तेव्हा मी एवढीच होते.” मावशींनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. “शेजारणीच्या हातात माझा हात दिला आणि म्हणाली, तू हो पुढे, मी कुलूप लावून आलेच.”

फोटोवालीची नजर रिकाम्या दाराकडे गेली. मावशी मात्र स्क्रीनकडेच बघत होत्या. लहान पोरीने रुसावं तशा त्या फोटोला म्हणाल्या,

“एक कुलूप लावायला एवढा वेळ लागतो का गं?”