कबरीतली उडी

आमच्या नाटकमंडळीत रंगमंचावर सगळ्या बायाच, नायकसुद्धा बाईच. गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ. प्रियकर मरतो, त्याची कबर दुभंगते, पोर आत उडी घेते आणि दोघांची फुलपाखरं होतात. ती पोर मी, चौसष्ट वर्षांची. प्रियकर माझी सून, च्यूफेन.

परवा देवळापुढच्या खेळाआधी तोंड रंगवता रंगवता ती म्हणाली, "सासूबाई, आजपासून उडी बंद. कबरीशी नुसतं रडा. गुडघे बघा तुमचे!"

"तू मेलेली आहेस ना? मग मेल्यासारखी गप्प राहा."

"टाळ्यांची एवढी हौस?"

"आहे! बोल काय म्हणणं आहे?"

खेळात मी असा टाहो फोडला की समोरच्या बाया सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या विसरल्या. कबर उघडली आणि मी उडी टाकली.

खाली माझ्या नवऱ्याने मला झेललं, एकेचाळीस वर्षं झेलतोय तसंच. या खेपेला दोघंही गादीवर कोसळलो. मंडळीतला हा एकटाच पुरुष, कबरीची खिट्टी ओढायला ठेवलेला. त्याने थर्मासमधलं आल्याचं गरम पाणी माझ्या हातात दिलं.

वर कुणी बाई हुंदके देत होती, "बिचारी! संसाराचं सुख काही मिळालं नाही हो तिला."

"हळू हस," म्हातारा कानाशी कुजबुजला, "वर ऐकू जातं."