शोधायचा शब्द

ऑफिसातल्या रेकॉर्डच्या बाई हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. "कॉम्प्युटरवर फाइल ठेवलीत की खाली दोन-चार शब्द जोडा. माणूस ज्या शब्दाने ती शोधेल, तोच शब्द जोडायचा." शब्द कोणी जोडला, याचीही नोंद आपोआप व्हायची. त्यामुळे टंगळमंगळ करायची सोय नव्हती.

आज मुख्य कार्यालयाचे पाहुणे हे सगळं बघायला आले, आणि नेमकी बाईंची नियमांचीच फाइल सापडेना. "नियम" टाकून झालं, "सूचना" टाकून झालं. मागे रजेवर जायच्या गडबडीत बाईंनी स्वतःच तिला एकही शब्द जोडला नव्हता. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंना घाम फुटला.

शेवटी अकाउंटंट पुढे सरकला. "बाई, रागावू नका हं. आम्ही सगळे ही फाइल अशीच शोधतो." त्याने टाइप केलं, "कटकट".

फाइल टुणकन वर आली.

पाहुणे जाम खूश झाले. बाईंचा मात्र पारा चढला. "हा शब्द जोडला कोणी? थांबा, आत्ताच बघते."

"अहो, सापडली ना? मग जाऊ द्या की," साहेब घाईघाईने म्हणाले. "मी चहाचं सांगून येतो."



चहा सांगायला साहेब जातीने उठले खरे, पण ते दारापर्यंत पोचायच्या आत पडद्यावर नाव उमटलं होतं. साहेबांचंच.