नाटकाची शौकीन

आई जाऊन महिनाही झाला नव्हता. झाडीपट्टीच्या नाटकवेड्या प्रेक्षकांवर पीएचडी करणारे एक सर नागभीडजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा गावाने त्यांना थेट आमच्या घरी पाठवलं. आईसारखी शौकीन बाई आसपास दुसरी नव्हती.

बाबा टेपरेकॉर्डरपुढे सरसावून बसले. "गावात नाटक असलं का माही बायको साऱ्या पाहुण्यायले बोलावे. घर भरून जाये. दुसऱ्या गावी असलं का तिथल्या सोयऱ्यायकडे जाऊन राहे. मी कधी नाई म्हटलं नाई, सर."

"केवढं हे कलेवरचं प्रेम!" सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, आईंचं सगळ्यात आवडतं नाटक कोणतं?"

"तिने एकही पाहिलं नाही. पडदा उघडला की ती मंडपात गाढ झोपायची."

"काहीबाही नको सांगू, पुनम," बाबा म्हणाले.

सर गोंधळले. "मग पाहुण्यांची एवढी हौस कशासाठी?" असं विचारत त्यांनी टेपच्या बटणाकडे हात नेला.

"बंद करू नका, सर," मी म्हणाले. "पाहुणे घरात असले की बाबा तिला मारत नसत."