हलायचं नाही

भोंगा कडाडला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि साक्रीकडच्या त्या आठवडी बाजारात जो तो होता तिथंच ताठ उभा राहिला. दर बाजाराला राष्ट्रगीत लावायची टूम स्वप्नीलची. कोण हललं, कोण बोललं, हे बघायलाही तोच. हलला त्याच्या कानाखाली आवाज निघायचा. मागच्या बाजारी खुद्द त्याचे वडील, कौतिकनाना, मान खाजवताना सापडले. बापावर हात कसा टाकणार? पण चारचौघांत त्यानं त्यांची अशी खरडपट्टी काढली, की म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. आज नाना सगळ्यांच्या पुढे, झेंड्याकडे तोंड करून उभे होते. पापणीसुद्धा लवत नव्हती. स्वप्नीलचा ऊर भरून आला.

तेवढ्यात गुरांच्या बाजूनं, गोऱ्हा विकायला आलेला वेस्ता धावत आला. भोंग्याला बुजून त्याच्या गोऱ्ह्यानं दावं तोडलं होतं. गोऱ्हा पुढे, हा मागे. स्वप्नीलला गोऱ्हा दिसलाच नाही. दिसला तो पळणारा माणूस. त्यानं आडवा पाय घालून वेस्ताला पाडलं आणि छातीत लाथ घातली.

"देशासाठी मिनिटभर उभं राहवत नाही तुला?"

वेस्ताच्या नाकातून रक्ताची धार लागली. तरी तो हात पुढे करून ओरडला, "नाना, सरका! गोऱ्हा मारका शे!"

राष्ट्रगीत चालू असताना ओरडतो? स्वप्नीलचं डोकंच फिरलं. त्यानं वेस्ताचं थोबाड मातीत दाबून धरलं. आपणही हललोय, बोललोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग त्यानं मान वर केली. मुंडी खाली घालून गोऱ्हा सरळ नानांच्या पाठीच्या रोखानं सुटला होता. अख्ख्या बाजाराला दिसत होतं. कुणी हललं नाही, कुणी तोंडातून ब्र काढला नाही. वेस्ताची हाक, खुरांचा आवाज, नानांना सगळं ऐकू आलं असणार. त्यांची मान जराशी वळायला निघाली आणि पुन्हा सरळ झाली.

शिंग कमरेच्या वर घुसलं. गोऱ्ह्यानं म्हाताऱ्याला उचललं आणि आपटलं.

स्वप्नील पोचला तेव्हा भोंग्यावर शेवटचं 'जय हे' चाललं होतं. नानांचं धोतर रक्तानं भिजलं होतं. दोन्ही हात मात्र अजून मांड्यांना घट्ट चिकटलेले. डोळे किलकिले करून त्यांनी पोराला विचारलं,

"संपनं का रे गाणं? आते हालू का?"