मामंजींची झोप

"हात लावू नकोस त्यांना," ऊलायुक सुनेला म्हणाली. "झोपलेत ते."

'ते' म्हणजे अजून दातही न आलेला पालुक. आजोबा, म्हणजे ऊलायुकचे यजमान, गेले आणि पाठोपाठ हा जन्मला, म्हणून त्यांचंच नाव ह्याला मिळालं. आमच्या ह्या बर्फाच्या मुलखात नावाबरोबर माणूसही परत येतो. त्यामुळे ऊलायुक नातवाला 'अहो' म्हणे आणि लीतिया पोटच्या पोराला 'मामंजी'. थोरांना कुणी रागावत नाही, झोपेतून उठवत तर नाहीच नाही.

पण मामंजींना कालपासून ताप होता. दुपार झाली तरी त्यांनी दुधाला तोंड लावलं नव्हतं. लीतियाचा नवरा सीलच्या शिकारीला दूर बर्फावर गेलेला. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आई, नर्सबाईंनी रक्त तपासून सांगितलंय ना? पोट रिकामं झालं की शरीर चरबी जाळून तग धरतं. ती जाळायला एक एन्झाइम लागतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखं ह्यांचं ते फार मंद आहे. आजारपणात उपाशी झोपले, तर रक्तातली साखर संपते. उठवून पाजायलाच हवं."

"आपल्याला चरबी पचत नाही म्हणे!" ऊलायुक हसली. "सीलच्या चरबीवर पिढ्या जगल्या आपल्या. त्या बाईलाच ने चार दिवस बर्फावर, मग कळेल तिला कोण काय जाळतं ते!"

लीतियाही कसनुसं हसली. सासूचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. ती चहा ठेवायला उठली, तशीच परत आली. पोराचं कपाळ गार आणि ओलं लागलं. हात उचलून पाहिला, तर तो लुळा खाली पडला.

"मामंजी?"

काही नाही.

"मामंजी, माफ करा," म्हणत तिने त्यांचा कान पिळला. मग मात्र तिचा धीर सुटला. "अरे ऊठ! पालुक, ऊठ रे माझ्या सोन्या!" ती त्याच्या गालांवर चापट्या मारू लागली. साखरेत बुडवलेलं बोट हिरड्यांवर चोळू लागली.

"काय करतेस हे! काय वाटेल त्यांना!" ऊलायुक ओरडत होती.

ओठ हलले. बारीकसं रडू फुटलं. लीतियाने त्याला छातीशी धरलं, तसा तो लुचू लागला. एका हाताने तिने नर्सबाईंना फोन लावला. त्या लगेच निघाल्या. आता सासूच्या शिव्या खायच्या, म्हणून तिने मान खाली घातली.

ऊलायुक बिछान्याच्या कडेला बसली. राग कुठल्या कुठे गेला होता.

"माझी दोन बाळं अशीच गेली," ती म्हणाली. "ताप आला आणि झोपली. एकाला माझ्या वडिलांचं नाव होतं, एकीला आजीचं. उठवावंसं फार वाटत होतं गं मला."

लीतियाने मोकळा हात सासूच्या हातावर ठेवला.

"लीतिया, नुसतं उठवायचंच होतं का?"