पाच दिवसांचा नेम

ग्यानोबानं थर्माकोलचा खोका पायानं होडीबाहेर ढकलला. आत आंध्रातून आलेली बर्फातली मासळी होती.

"सुदामा, हे मढं बेटावर आणायचं न्हाई. किती बार सांगू?"

"बा, उरलेला माल घरी नाही तर कुठं नेऊ?"

ग्यानोबा थुंकला. खोक्याला त्याचा हातही लागला नव्हता. तरी त्यानं राखेनं हात घासले, हुंगले, पुन्हा घासले.

गोदावरीवरच्या विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यातलं ते एवढंसं बेट. पूर्वी तिथं भोयांची पाच घरं होती. नेम जुना होता: सलग पाच दिवस जाळं रिकामं निघालं, की त्या घरानं दार चौकटीतून काढायचं आणि काठावर राहायला जायचं. तशी चार घरं उठली. उरलं ग्यानोबाचं.

पाणी आता बघवत नव्हतं. वरच्या गावांची घाण येऊन साचायची. वल्हं मारलं की तळातून बुडबुडे यायचे आणि नासक्या अंड्यासारखा भपका सुटायचा. सुदामची बायको सत्यशीला नाकाला पदर लावून भाकरी थापायची. तिच्यासाठी आणि लहान लेकीसाठी सुदामनं नांदेडात खोली ठरवून ठेवली होती. म्हाताऱ्याला एकटं सोडवत नव्हतं, म्हणून तो पाच रिकाम्या दिवसांची वाट बघत होता.

ते दिवस येईनात. ग्यानोबा संध्याकाळी एकटा जाऊन जाळं लावी, सकाळी एकटाच काढी. जाळ्याजवळ दुसऱ्याची सावली त्याला चालत नसे. रोज चार रोहू. होडीतच कल्ले उपटून तो पाण्यात टाकी, मासे धुई आणि टोपली दारात ठेवी.

"बघ. गंगा अजून देते."

"मामा, मग तुमीच दोन घास का खाईनात?" सत्यशीला विचारी.

"तुमी खा. माझं पोट भरलंय."

दोन महिने सुदाम बघत राहिला. मग त्याला स्वतःचीच किळस यायला लागली. सत्तरीचा बाप या घाणीतून रोहू काढतो, आणि आपण भोयाचं पोर असून मढी विकतो. खोली नको, इथंच राहायचं, असं त्यानं सत्यशीलाला सांगितलं.

"ठेवा पोरीला जन्मभर हाच वास हुंगायला," सत्यशीला तोंड फिरवून म्हणाली. तरी त्यानं खोलीची चावी परत केली.

तिथून तो धरणाच्या रस्त्यावर सरजाबाईकडं गेला. माल तो तिच्याकडूनच घ्यायचा.

"मावशी, उद्यापासून मासळी नको. बासोबत जाळ्यावर जाणार हाय."

"त्या गटारात? पागल झालास का रे?"

"बाला रोज घावून राहिलेत. चांगले रोहू."

सरजाबाईनं सुरी खाली ठेवली.

"मग तुझ्या बापाला सांजच्याला देते ते चार रोहू बी बंद करू का?"